हिमोग्लोबिन ८.६, पुढे काय?

तालुक्याच्या कला महाविद्यालयात आरोग्य शिबिर कसं पार पडतं, हे महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगायला नको. राष्ट्रीय सेवा योजनेचा फलक लागतो, ग्रामीण रुग्णालयाची गाडी येते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं जातं आणि सभागृहाच्या मागच्या बाजूला टेबल टाकून मुलींच्या बोटांना सुई टोचली जाते. दुपारी दोनपर्यंत दीडशे-दोनशे मुली ‘तपासून होतात’. एखादीच्या चिठ्ठीवर ८.६ असा आकडा येतो. सिस्टर सांगतात, ‘रक्त कमी आहे गं, गूळ-शेंगदाणे खात जा.’ मुलगी ती चिठ्ठी मोबाइलच्या कव्हरमागे, एसटीच्या पासाशेजारी सरकवते. महिन्याभराने चिठ्ठी सापडत नाही आणि महाविद्यालयाकडे तिची नक्कल नसते. महाविद्यालयाकडे असतो शिबिराचा जिओ-टॅग केलेला फोटो. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाचव्या निकषाखाली, म्हणजे विद्यार्थी साहाय्य आणि प्रगती या सदरात, तोच जोडायचा असतो.

छोट्या महाविद्यालयांनी विद्यार्थ्यांच्या आरोग्याचं काम वाढवावं, यावर आता कुणाचं दुमत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढून प्रत्येक संस्थेत विद्यार्थी सेवा केंद्र असावं असं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी त्याहून पुढे जाऊन, शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे असा निर्देश दिला. त्यामुळे ‘करावं की नाही’ हा प्रश्न संपला आहे. भांडण उरलं आहे ते काय वाढवायचं यावर. शिबिरं वाढवून काही होणार नाही, फीत कापून उघडलेल्या आरोग्य कक्षानेही होणार नाही. ८.६ आकडा आलेल्या मुलीला चार आठवड्यांनी पुन्हा गाठणारा एक पगारी माणूस नेमा आणि बाकीचा सगळा व्याप त्याच्याभोवती बांधा, एवढंच इथे मांडायचं आहे. सगळं गणित साधारण सहाशे विद्यार्थी आणि त्यांत साडेतीनशे मुली असलेलं महाविद्यालय धरून केलं आहे.

‘लिबरल आर्ट्स’ म्हटलं की हल्ली डोळ्यांसमोर येतात ती पुण्या-मुंबईकडची, वर्षाला काही लाख फी घेणारी खासगी विद्यापीठं. तिथे वेलनेस सेंटर असतं, त्यात बीन बॅग असते. पण मराठी, इतिहास, भूगोल, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र हे विषय एका छपराखाली शिकवणारी महाराष्ट्रातली बहुतेक महाविद्यालयं तालुक्याच्या गावी आहेत, पत्र्याच्या सायकल स्टँडसकट. ज्याला सायन्सला जाण्याइतके मार्क पडले नाहीत, जिच्या घरी फार्मसीच्या फीची सोय नव्हती, जिला ‘स्थळ येईपर्यंत शिकू दे’ म्हणून पाठवलं, ती मुलं इथे येतात. ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच महाविद्यालयात तो सर्वांत कमी.

त्यात सरकारी योजनांची एक चमत्कारिक रेघ आहे. मुलांची आरोग्य तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठराव्या वर्षी थांबतो. आठवड्याला एक निळी लोहाची गोळी शाळेत सहावी ते बारावीपर्यंत मिळते. विद्यार्थी अपघात सानुग्रह अनुदान बारावीपर्यंत. मुलींना एसटीचा मोफत पास बारावीपर्यंत. एफवायला आली की सवलतीचा पास, म्हणजे एक तृतीयांश भाडं स्वतःचं. बारावी पास झाल्याची जणू शिक्षाच. वीस वर्षांपुढच्या बायकांना आठवड्याची लाल गोळी द्यायची असं ‘ॲनिमिया मुक्त भारत’ या सरकारी योजनेत आहे, पण ती आशाताईंमार्फत गावात वाटायची. आशाताई अकरा वाजता घरी जातात तेव्हा ही मुलगी तालुक्याला राज्यशास्त्राच्या तासाला बसलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता. विसाव्या वाढदिवसाला तो आपोआप बरा होत नाही.

आता त्या ८.६ कडे येऊ. आधी तो आकडा खरा आहे का ते पाहायला हवं. बोट दाबून दाबून काढलेल्या थेंबात रक्ताबरोबर पेशींभोवतीचं पाणीही उतरतं आणि आकडा खोटाच कमी येतो. डिसेंबरच्या सकाळी हात गार असले की सिस्टरना बोट दाबावंच लागतं. म्हणून आधी हात कोमट पाण्यात धरायला लावावेत, पहिला थेंब कापसाने पुसावा, दुसरा आपसूक यावा. डिजिटल यंत्राच्या पट्ट्यांची बाटली सकाळपासून उघडी पडली असेल तर पट्ट्या दमट होतात. जुनी साहलीची नळी असेल तर रंग डोळ्यांनी जुळवायचा असतो, आणि सभागृहाच्या मागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तो नीट जुळत नाही. एवढ्या गडबडीत अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक सहज पडतो. म्हणून बोटाच्या थेंबावर ११ च्या खाली आलेल्या प्रत्येकीच्या शिरेतलं रक्त काढून ग्रामीण रुग्णालयात सीबीसी, म्हणजे रक्ताची पूर्ण तपासणी, करून घ्यायला हवी. शिबिराच्या दिवशीच त्या मुलींना थांबवून नमुने घेतले तर हे होतं. ‘उद्या दवाखान्यात जा’ म्हटलं की होत नाही, कारण उद्या बस चुकवून दवाखान्यात थांबायचं म्हणजे घरी कारण सांगावं लागतं.

आकडा खरा निघाला तर पुढचा हिशेब सरळ आहे. गरोदर नसलेल्या मुलीला १२ च्या खाली रक्तक्षय समजतात. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. तीव्र असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे. सौम्य आणि मध्यम गटात रोज दोन गोळ्या, प्रत्येक गोळीत ६० मिलिग्रॅम लोह, तीन महिने. म्हणजे एका मुलीला १८० गोळ्या. साडेतीनशेंपैकी निम्म्या मुली निघाल्या तर १७५ गुणिले १८०, साडेएकतीस हजार गोळ्या. हा आकडा कुणी आधी काढत नाही, आणि सगळं नेमकं इथेच अडतं. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साठ्यातून इतक्या गोळ्या, एक प्राध्यापक गुरुवारी चिठ्ठी घेऊन आले म्हणून, मिळत नाहीत. जूनमध्येच तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी गेली पाहिजे, शिबिर जुलैत हवं. बहुतेक महाविद्यालयांत ते डिसेंबर-जानेवारीत होतं, राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराला जोडून. तीन महिन्यांचा कोर्स मग परीक्षेत आणि सुट्टीत जातो.

१८० गोळ्यांचं पाकीट एकदम हातात देऊ नये. साठ-साठच्या तीन हप्त्यांत द्यावं. दुसरा हप्ता घ्यायला ती आली की तेव्हाच पुन्हा तपासणी. महिन्याभरात आकडा निदान एक ग्रॅमने वर सरकायला हवा, ८.६ चा ९.६ तरी. सरकला नाही तर दोनच शक्यता: गोळ्या घेतल्या नाहीत किंवा कारण वेगळं आहे. वेगळ्या कारणांत जंत आहेत, पाळीत जास्त जाणारं रक्त आहे, थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तदोषाचं वाहकत्व आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, अमरावतीसारख्या जिल्ह्यांत सिकलसेल हा तसाच आनुवंशिक आजार आहे. तिथे आधी सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी, ती पॉझिटिव्ह आली तर खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, आणि मगच लोहाचा विचार, असा क्रम हवा. सिकलसेलच्या रुग्णाला वरचेवर रक्त चढवलेलं असेल तर शरीरात लोह आधीच साठलेलं असू शकतं; डोळे झाकून गोळ्या देणं त्याला अपायकारक. आणि ही तपासणी मुलग्यांचीही व्हायला हवी. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. फक्त मुलींना कार्ड वाटलं की लग्नाच्या बाजारात तेवढा एकच पक्ष ‘सदोष’ ठरतो.

बहुतेक वेळा मात्र उत्तर सोपं असतं: गोळ्या घेतलेल्या नसतात. मळमळतं, पोट साफ होत नाही, शौचाला काळं होतं आणि मुलगी घाबरून पाकीट टाकून देते. काळं होणार हे आधी सांगितलं असतं तर घाबरली नसती. चहाबरोबर घेतली तर लोह अंगी लागत नाही. चहा आणि गोळीत तासभराचं अंतर हवं, वर लिंबू पिळलेलं वरण किंवा आवळा असेल तर उत्तम. रिकाम्या पोटी मळमळ जास्त. आणि ही मुलगी सकाळी सहाच्या पहिल्या गाडीने निघताना अर्धा कप चहा आणि एक खारी खाऊन निघालेली असते. डबा दुपारी बाराला उघडतो, तोही कधी कधी घरून आलेलाच नसतो. त्यामुळे गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगावं हे खरं, पण मूळ दुखणं गोळीच्या आधीचं आहे. पहिल्या तासाला मान टाकून बसलेला वर्ग आळशी नसतो, उपाशी असतो.

गूळ-शेंगदाण्यांबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. ८.६ हिमोग्लोबिन गूळ-शेंगदाण्यांनी भरून येत नाही. त्यातलं लोह थोडं आणि तेही अंगी कमी लागणारं. न्याहारी द्यायची ती औषध म्हणून नव्हे, पोट रिकामं राहू नये म्हणून. माणशी चाळीस ग्रॅम फुटाणे आणि पंधरा ग्रॅम गूळ, दोनशे मुलांना रोज आठ किलो फुटाणे आणि तीन किलो गूळ. आजच्या बाजारात माणशी सहा रुपयांच्या आसपास बसतं. शिकवण्याचे १८० दिवस धरले तर वर्षाचे दोन लाख सोळा हजार.

हे चालवताना कुठे बिघडतं ते आधी कळलेलं बरं. एकाच टेबलाशी दोनशे मुलांची रांग लावली की पंचवीस मिनिटं जातात, पहिला तास बुडतो, प्राध्यापक वैतागतात आणि महिन्याभरात योजना बंद पडते. वर्ग प्रतिनिधीने आपल्या वर्गाचा डबा उचलून नेला आणि वाटीने मापून दिलं तर पाच मिनिटांत होतं. पावसाळ्यात फुटाणे सादळतात, वास येतो. पंधरा दिवसांपेक्षा जास्त माल भरू नये, डबे घट्ट झाकणाचे हवेत. श्रावणी सोमवार, चतुर्थी, नवरात्र या दिवसांत निम्म्या मुलींचा उपास असतो, तेव्हा फुटाण्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे. मापाचं आणि वाटपाचं काम कमवा व शिका योजनेतल्या दोन मुलांकडे द्यावं, तासांची नोंद होते. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘गरजू विद्यार्थ्यांची यादी’ करणं. यादीत नाव आलं की मुलगी त्या टेबलाकडे फिरकत नाही. पहिल्या गाडीने येणाऱ्या सगळ्यांसाठी, अशीच योजना हवी. सरपंचाची मुलगी खाईल तर खाऊ दे.

लेडीज रूमचा विषय सभेत निघाला की पुरुष सभासद घड्याळ पाहतात, म्हणून थोडक्यात. बऱ्याच मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागतं, आणि दाराला कडी नाही, अकरानंतर नळाला पाणी नाही. त्यातून लघवीची जळजळ, ताप, बुडलेले तास. सॅनिटरी पॅडचं यंत्र देणगीदाराच्या नावासकट भिंतीला लागतं, दोन महिन्यांत नाणं अडकतं, भरून द्यायला कुणी येत नाही. जाळायच्या यंत्राला वीजजोडणीच नसते. त्याऐवजी मावशींच्या कपाटात एक डबा, महिन्याला दीडशे पॅड, झाकणाची कचरापेटी आणि एक बादली जास्तीची. पॅडचा खर्च महिन्याला साडेसातशे रुपये. देणगीदाराचं नाव डब्यावरही लिहिता येतं.

मुलग्यांचं आरोग्य म्हणजे व्यसनमुक्तीची शपथ, इथपर्यंतच बहुतेक महाविद्यालयांची मजल जाते. पहाटे चारला राज्यमार्गाच्या कडेने पळणारी पोरं कुणाच्या आरोग्य कार्यक्रमात बसत नाहीत. पोलीस भरतीची १६०० मीटर धाव डांबरावर, फाटक्या बुटांनी, काहीही न खाता. मग नडगीचं दुखणं, मग कुणीतरी सुचवलेली पावडर किंवा इंजेक्शन. शारीरिक शिक्षण संचालक हे पद अनुदानित महाविद्यालयात मंजूर असतं. त्यांनी पहाटे दोन तास मैदान उघडून दिलं, मातीवर पळायला लावलं आणि आठवड्याचं वेळापत्रक आखून दिलं, तर वेगळा पैसा लागत नाही. गेटबाहेरच्या टपरीबद्दल कायदा आहेच: शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही. प्राचार्यांचं एक पत्र आणि त्याची पोच, एवढं तरी फाइलला असावं.

मनाच्या आरोग्याचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या नोंदल्या गेल्या आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला होता. त्यामुळे न्यायालयाचा निर्देश योग्यच. पण तो तालुक्याच्या महाविद्यालयात कसा उतरतो? प्राचार्यांच्या दालनाशेजारची खोली रिकामी करतात, ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लावतात, मानसशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जादा कार्यभार देतात. पहिली अडचण अशी की मानसशास्त्र शिकवणं आणि समुपदेशन करणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरी याहून मोठी: जे सर अंतर्गत गुण देतात, त्यांच्यासमोर कोण रडणार? तिसरी म्हणजे ती पाटी. छोट्या गावात त्या दारातून आत जाणाऱ्या मुलीची बातमी तिच्याआधी घरी पोचते.

म्हणून माणूस बाहेरचा हवा आणि टेबल दुसऱ्याच नावाने हवं. विद्यार्थ्यांचा घोर कधी वाढतो याचं कॅलेंडर कुठल्याही जुन्या लिपिकाला पाठ असतं. परीक्षा फॉर्मची शेवटची तारीख. निकालाचा आठवडा, एटीकेटी लागलेली. भरतीची यादी. मराठवाड्यात ऊसतोडीला आई-बाप गेले की मागे आजीजवळ राहिलेली पोरं. आणि तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मुलींचे बाक रिकामे दिसू लागतात. यातल्या निम्म्या गोष्टी महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावरच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाशी, म्हणजे पैशाशी, कुठेतरी जोडलेल्या असतात. बँक खातं आधारशी जोडलेलं नाही, उत्पन्नाचा दाखला तहसीलमध्ये अडकला, अर्ज महाविद्यालयाच्याच लिपिकाच्या लॉगिनमध्ये पडून आहे आणि इकडे फी भरल्याशिवाय हॉलतिकीट नाही. तेव्हा सामाजिक कार्यकर्त्याचं टेबल ग्रंथालयाबाहेर, ‘शिष्यवृत्ती व विद्यार्थी मदत’ या नावाने. मुलगी पहिल्यांदा येते ती आधार लिंक करायला. दुसऱ्या खेपेला सांगते की घरी दिवाळीनंतर बस्ता बांधायचं चाललंय. तिसऱ्या खेपेला काय सांगेल ते ऐकायला टेबलामागे शिकलेलं माणूस हवं. आतली खोली तेव्हा वापरावी. हिमोग्लोबिनची वही याच माणसाकडे, गोळ्यांचा दुसरा हप्ता याच टेबलावर. वहीत नाव नको, हजेरी क्रमांक पुरे, आणि ती कुलपात. कमी रक्ताच्या मुलींची यादी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याचा उत्साह बऱ्याच ठिकाणी दाखवला जातो. तेवढं एक केलं की पुढच्या वर्षी निम्म्या मुली बोट पुढे करत नाहीत.

हा माणूस एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेला असावा. त्याच्या मागे जिल्हा रुग्णालयातला, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा मानसोपचार विभाग लेखी बांधलेला असावा: कोणत्या वारी, कोणाकडे पाठवायचं, मोबाइल कुणाचा. रात्री अकराला हे टेबल बंद असतं, तेव्हा टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. १४४१६, दिवसरात्र, मोफत, मराठीतही. १० ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे. हा क्रमांक प्राचार्यांच्या दालनाबाहेर फ्रेम करून लावण्यात काही हशील नाही. ओळखपत्राच्या मागच्या बाजूला छापावा. शिक्षक-शिक्षकेतरांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या असंही न्यायालयाने सांगितलं आहे. त्यात शिपाई आणि वसतिगृहाच्या मावशी आधी बसवाव्यात, कारण रात्री न जेवता झोपलेली मुलगी त्यांनाच दिसते. प्रशिक्षणात व्याख्यान कमी आणि नेमकी वाक्यं जास्त हवीत. जीव नकोसा झालाय का, हे सरळ विचारायचं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. एकटं सोडायचं नाही. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. जिवाला धोका वाटला तर घरी कळवायचंच, पण आईला की मामाला की थोरल्या बहिणीला, हे तिला विचारून. कधी कधी अडचण ज्याच्यामुळे आहे त्यालाच फोन लावला जातो.

मग पैसा. अनुदानित महाविद्यालयाच्या मंजूर पदांत ग्रंथपाल आहे, समुपदेशक नाही. निम्मे तास तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक घेतात, त्यांचंच मानधन वेळेवर होत नाही, मग हा नवा माणूस कुठून पोसायचा, हा प्राचार्यांचा सवाल खोटा नाही. उत्तर असं की सहाशे मुलांच्या महाविद्यालयाला पूर्णवेळ माणूस परवडत नाही आणि लागतही नाही. शेजारशेजारच्या तीन महाविद्यालयांनी मिळून एक नेमावा, प्रत्येकाकडे आठवड्याचे दोन ठरलेले दिवस. महिना चोवीस हजार पगार धरला तर वर्षाचे दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार, एका महाविद्यालयाच्या वाट्याला शहाण्णव हजार. दिवस बदलायचे नाहीत. सोमवार-गुरुवार म्हणजे सोमवार-गुरुवार, नाहीतर मुलं एकदा येतात, टेबल रिकामं दिसतं, पुन्हा येत नाहीत. पगार तीन संस्थांच्या तीन चेकांनी द्यायला गेलं की एक चेक नेहमी मागे राहतो, तेव्हा एका महाविद्यालयाने नेमणूक करावी आणि बाकीच्या दोघांनी जूनमध्येच वर्षाचा वाटा त्याच्याकडे भरावा. न्याहारीचे दोन लाख सोळा हजार, पॅडचे दहा महिन्यांचे साडेसात हजार, अचानक रिक्षा-जीप करून दवाखान्यात न्यायला हाताशी पंधरा हजार. सगळं मिळून तीन लाख चौतीस हजार पाचशे. माथी साडेपाचशेच्या आसपास.

हे पैसे फीच्या पावतीवर नवा रकाना वाढवून काढू नयेत. ज्यांच्यासाठी करायचं त्यांच्याच खिशातून ते जातील. माजी विद्यार्थी, बाजार समिती, साखर कारखाना, पतसंस्था यांच्याकडे आपली महाविद्यालयं प्रवेशद्वाराच्या कमानीसाठी जातात तशी न्याहारीसाठी जाऊ शकतात. महिन्याच्या न्याहारीला वीस-बावीस हजार लागतात, आणि दहा महिन्यांसाठी दहा देणगीदार शोधणं कमानीपेक्षा सोपं. माणसाचा पगार मात्र देणगीवर ठेवू नये, देणगी आटली की वही पुन्हा बेवारस. तो संस्थेच्या अंदाजपत्रकातून, आणि खरं तर सरकारकडून. न्यायालय म्हणतं पद हवं आणि आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या तक्त्यात, पद नाही, हा विरोधाभास उच्च शिक्षण विभागाला फार काळ टोलवता येऊ नये. तीन महाविद्यालयांमागे एक पद ही मागणी अव्वाच्या सव्वा नाही.

‘महाविद्यालयाने शिकवावं, जेवू घालणं आणि औषधपाणी करणं हे त्याचं काम नाही,’ असं म्हणणारे प्राध्यापकांतही आहेत. त्यांचा थकवा समजतो. पण महाराष्ट्रात बहुजनांचं उच्च शिक्षण उभं राहिलं ते वर्गाआधी बोर्डिंगवर. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू करून दिलं. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं, मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, आणि छत्रपती शिवाजी कॉलेज त्यानंतर, १९४७ मध्ये. जेवण आणि शिक्षण यांची फारकत ही नंतरची, अनुदानाच्या रकान्यांनी केलेली. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांचं संरक्षण आहे, मग वेगळी यंत्रणा कशाला? कारण ती योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहे. ८.६ हिमोग्लोबिन, लघवीची जळजळ, झोप न लागणं, यांतलं काहीच तिच्या यादीत बसत नाही. ही मुलगी दाखल होत नाही. ती नुसती यायची थांबते, आणि हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल रेघ येते.

महाविद्यालय विकास समितीला २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार वर्षातून चार सभा घ्याव्याच लागतात. जूनच्या सभेत हा विषय आणायचा तर ठराव एका ओळीचा नको. शेजारच्या दोन महाविद्यालयांची संमतीपत्रं आधी हातात हवीत, तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना गोळ्यांच्या मागणीचं पत्र त्याच दिवशी जावक क्रमांकासह निघावं, आणि शिबिराच्या तारखेबरोबर फेरतपासणीची तारीखही त्याच ठरावात लिहावी: चार आठवड्यांनी, त्याच वारी, पहिल्या गाडीच्या वेळेला. लेडीज रूमच्या कडीला ठराव लागत नाही. ती किरकोळ खर्चात बसते.